अडलेलं हँडल आणि हरवलेली चाबी

संध्याकाळची नागपूरची गाडी वर्धा स्टेशनात रिकामी झाली की अपडाउनवाल्यांची दुचाकींच्या स्टँडवर झुंबड उडते. त्या गर्दीत कुणी ना कुणी अडकलेला असतोच. गाडी त्याचीच, चाबी त्याचीच, भोकात नीट गेलेलीही. पण फिरत नाही. तो चाबी काढतो, पँटला पुसतो, पुन्हा घालतो. दात-ओठ खाऊन पिळतो. हँडलला दोन हिसके देतो. मग स्टँडवरचा माणूस येतो, "थांबा भाऊ, जोर नका लावू," म्हणतो, एका हातानं हँडल अजून जरासं डावीकडे दाबून धरतो आणि दुसऱ्या हातानं चाबी फिरवतो. खट्ट. गाडी मोकळी.

स्टँडवाल्याच्या हाताला काय कळलं होतं, ते समजून घ्यायचं तर आधी कुलपाच्या पोटात डोकवायला हवं. एकदा ते कळलं की पुढचा प्रश्नही सोपा होतो: चाबीच नसेल तर काय करायचं? पंधरा-वीस वर्षं वापरलेली स्प्लेंडर, आजोबांच्या ओसरीत उभी असलेली चेतक, अंगणातली मारुती ८०० अशा जुन्या गाड्यांना हा प्रश्न नव्यांपेक्षा जास्त पडतो. त्यांच्या चाब्या झिजलेल्या असतात, दुसरी चाबी कधीचीच हरवलेली असते आणि कंपनीचं शोरूमही कधीकधी राहिलेलं नसतं.

एवढीशी पिन

मोटारसायकलचं हँडल एका उभ्या पोलादी दांड्याला जोडलेलं असतं. हा दांडा चेसिसच्या पुढच्या टोकाला असलेल्या जाड नळीत फिरतो. दांडा फिरणारा, नळी स्थिर. हँडल लॉकचं काम इतकंच की फिरणाऱ्या भागातून एक पिन बाहेर काढून स्थिर भागातल्या खाचेत घुसवायची, किंवा उलट. पिन बोटाच्या पेरापेक्षाही लहान असते. ती खाचेत गेली की हँडल जिथल्या तिथे.

खाच पिनेच्या समोर येते ती हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावरच. बहुतेक मोटारसायकलींत ती बाजू डावी असते. गाडीचं साइड स्टँड डावीकडे, गाडी झुकते डावीकडे, म्हणून हँडलही डावीकडे वळलेलं असलं तर गाडी जास्त स्थिर उभी राहते. शिवाय पूर्ण वळलेल्या हँडलनं गाडी ढकलत नेली तर ती गोल गोल फिरते. चोराला सरळ नेता येत नाही ती म्हणूनच.

चारचाकीत हेच कुलूप स्टिअरिंगच्या चाकाखालच्या दांड्याला धरून बसवलेलं असतं, पण त्याची एक खोड वेगळी आहे. दुचाकीत आपण मुद्दाम चाबी दाबून फिरवतो तेव्हा लॉक लागतं. मोटारीत चाबी काढली की स्प्रिंग पिनेला पुढे ढकलते आणि पिन दांड्यावर टेकून वाट पाहत राहते. खाच समोर नसेल तर काहीच घडत नाही. उतरताना आधार म्हणून स्टिअरिंगला हात लावला, ते जरा वळलं, खाच समोर आली, की पिन आत. दुसऱ्या दिवशी मालक म्हणतो, "मी तर लॉक केलंच नव्हतं, आपोआप कसं झालं?"

याच कारणासाठी उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय वाईट. मोटारीत चाबी शेवटच्या खुणेपर्यंत मागे नेऊन बाहेर काढली तर धावत्या गाडीचं स्टिअरिंग अडकू शकतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत चाबी आत दाबल्याशिवाय किंवा शेजारचं बटण दाबल्याशिवाय त्या शेवटच्या खुणेवर जात नाही. ती जास्तीची कटकट प्रवाशाच्या जिवासाठी ठेवलेली आहे.

चाबी ओळखणाऱ्या पत्र्या

पिन मागे-पुढे करणारा भाग म्हणजे चाबीचं भोक असलेला गोल तुकडा. तो एका कवचात बसलेला असतो. त्याला आडव्या फटी असतात आणि प्रत्येक फटीत एक पातळ पितळी पत्री. पत्रीच्या मधोमध खिडकी कापलेली असते, चाबी या खिडक्यांतून आत सरकते. चाबी नसताना बारीक स्प्रिंग प्रत्येक पत्रीला बाहेर ढकलते, तिचं टोक कवचाच्या खाचेत अडकतं आणि गोल तुकडा फिरत नाही.

पत्र्यांच्या खिडक्या सारख्या नसतात. एकीची जरा वर, एकीची जरा खाली. चाबीवरचे दाते त्याच मापानं कापलेले असतात. बरोबर चाबी गेली की प्रत्येक पत्री नेमकी तेवढीच सरकते, कुणाचंच टोक बाहेर उरत नाही, आणि तुकडा फिरतो. एक पत्री अर्धा मिलिमीटर जरी चुकली तरी काम अडतं.

आता एक सोपा हिशेब. समजा कुलपात ५ पत्र्या आहेत आणि प्रत्येकीच्या ४ उंच्या शक्य आहेत. मग एकूण वेगवेगळ्या चाब्या होतात १,०२४. सगळ्या पत्र्या एकाच उंचीच्या असलेल्या सोप्या जोड्या वगळल्या तर आणखी कमी. गाड्या मात्र लाखांनी विकल्या जातात. म्हणजे एकाच चाबीच्या अनेक गाड्या रस्त्यावर असणारच. त्यात पत्र्या आणि चाब्या दोन्ही झिजल्या की चूक माफ करण्याची कुलपाची क्षमता वाढते. शेजाऱ्याच्या स्कूटरची चाबी आपल्या स्कूटरला लागायची, हे पूर्वी घरोघरी ऐकू यायचं. त्यात कुणाची फसवणूक नव्हती, गणितच तसं होतं.

पावसाळ्यातलं दार

आता स्टँडवाल्याकडे परत येऊ. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि आतली कडी निघता निघत नाही. घरातली म्हातारी माणसं कडीशी झटापट करत नाहीत. दार आपल्याकडे ओढून धरतात, आणि कडी हलकेच सरकवतात. कारण कडी गंजलेली नसते, फुगलेल्या दाराच्या रेट्याखाली दबलेली असते. रेटा निघाला की कडी सुटते.

पिनेचं अगदी हेच होतं. गाडी उतारावर उभी आहे, पुढच्या चाकाला शेजारच्या गाडीचा रेटा आहे, किंवा गर्दीत कुणीतरी हँडल ओढून गाडी सरकवायचा प्रयत्न केला आहे. अशा वेळी पिन खाचेच्या एका कडेवर घट्ट दाबली जाते. चाबी तिला मागे ओढू पाहते आणि घर्षण तिला सोडत नाही. मोटारीत आणखी एक गंमत असते. चाकं वळवून गाडी उभी केली की टायरचं रबर पीळ खाऊन बसतं. स्टिअरिंग सोडलं की ते सरळ व्हायला बघतं आणि तो सगळा पीळ त्या एवढ्याशा पिनेवर येतो.

अशा वेळी चाबीला जोर लावला तर तो पिनेपर्यंत पोचतच नाही. पितळी चाबी मऊ असते, ती वाकते. जुनी, बारीक झालेली चाबी दात्याच्या खोलगट जागी तुटते आणि तिचा शेंडा आत राहतो. मग अर्ध्या मिनिटाचं काम दिवसभराचं होऊन बसतं.

म्हणून क्रम असा: चाबी पूर्ण आत घाला, तिच्यावर बेताचा जोर ठेवा, आणि हँडल ज्या बाजूला लॉक आहे त्याच बाजूला अजून थोडं दाबा. मोटारीत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलकेच हलवून पाहा. एका बाजूला ते जरा जास्त दबतं, तिकडे धरून ठेवा. हिसका द्यायचा नाही. हात पिनेवरचा भार काढतो, बोटं चाबी फिरवतात. स्टँडवाला रोज पन्नास हँडलं सरकवतो, त्यामुळे त्याच्या हाताला हे पाठ झालेलं असतं.

ऊन निर्दोष, धूळ दोषी

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीची चाबी फिरेनाशी झाली की, "उन्हानं लॉक फुगलं," असं सर्रास म्हटलं जातं. हे पटण्यासारखं वाटतं, कारण धातू तापला की फुगतो हे शाळेत शिकवलेलं असतं. पण किती फुगतो? १० मिलिमीटर जाडीचं पितळ ३० अंशांनी तापलं तर साधारण ०.००६ मिलिमीटर वाढतं. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही. शिवाय पितळी तुकड्याभोवतीचं कवच बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि जस्त पितळेपेक्षा जास्त फुगतं. म्हणजे उन्हात मधली फट आवळत नाही, झाली तर किंचित मोकळीच होते.

उन्हाचा दोष वेगळाच आहे. कुलपात आधी घातलेलं तेल किंवा ग्रीस उन्हानं आटतं, त्यात धूळ मिसळते आणि चिकट लगदा तयार होतो. काळ्या मातीची उडणारी धूळ, हिंगणघाट-देवळीकडच्या जिनिंगच्या आसपास तरंगणारी कापसाची तूस, सगळं त्या उघड्या भोकातून आत जातं. पत्र्यांच्या स्प्रिंगा केसाएवढ्या बारीक असतात. लगद्यात रुतलेली पत्री त्यांच्यानं हलत नाही. जुन्या मोटारसायकलींत बऱ्याचदा हँडल लॉक इग्निशनपासून वेगळं, खाली चाकाच्या जवळ असतं. त्याला पावसाळ्यात चिखलाचे फवारेही बसतात. इग्निशनची चाबी रोज फिरते, हँडल लॉक मात्र कधीतरी सणासुदीला. न वापरलेलं लॉक आधी जाम होतं.

यावरचा घरगुती उपाय म्हणजे खोबरेल तेल किंवा गाडीचं जुनं ऑइल. दोन दिवस लॉक लोण्यासारखं फिरतं आणि नंतर आधीपेक्षा वाईट होतं, कारण तेलाला धूळ चिकटते. कुलपाला कोरडी भुकटी मानवते. ग्राफाइटची भुकटी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नाही मिळाली तर मऊ पेन्सिल चाबीच्या दात्यांवर भरपूर घासा. पेन्सिलीचं शिसं म्हणजे मुख्यतः ग्राफाइटच. चाबी दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, बाहेर आलेली काळी घाण पुसा, पुन्हा घासा. फार चिकटलेलं असेल तर आधी लवकर उडून जाणारा क्लीनरचा स्प्रे मारून घाण काढावी, सुकू द्यावं आणि मग ग्राफाइट. पेट्रोल ओतू नये. इग्निशनच्या मागे विजेच्या तारा असतात आणि वर पेट्रोलची टाकी.

दोष कुठे आहे ते ओळखायला मिस्त्री लागत नाही. चाबी अर्धीच जात असेल तर आत कचरा किंवा तुटका तुकडा आहे. पूर्ण जाते पण जराही हलत नाही आणि हँडल दाबल्यावर सुटते, तर भार होता. घरात ठेवलेल्या दुसऱ्या चाबीनं लॉक पटकन उघडतं, तर रोजची चाबी झिजली आहे. आणि चाबी फिरते पण हँडल सुटत नाही, तर चाबीचा काही दोष नाही; पिन गंजली आहे किंवा तिची स्प्रिंग गेली आहे. या शेवटच्या दुखण्याला घरगुती उपाय नाही.

वर्ध्याचं नाव आणि चेतकचं कुलूप

या लॉकच्या भारतातल्या गोष्टीत वर्ध्याचं नाव आडवाटेनं येतं. वर्ध्याच्या बछराज शेठांच्या घराण्यात जमनालाल बजाज दत्तक आले. त्या घराण्याचं नाव घेऊन १९४५ मध्ये 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी निघाली. तीच पुढे बजाज ऑटो झाली. आधी इटलीहून आलेल्या स्कूटरी विकल्या, मग परवाना घेऊन इथे बनवल्या, आणि १९७२ मध्ये चेतक आली. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मग दारात स्कूटर उभी राहायची, तो काळ.

त्या जुन्या स्कूटरींपैकी बऱ्याच गाड्या सुरू करायला चाबीच लागत नसे. गाडी एका अंगाला तिरपी करायची, किक मारायची, निघायचं. बंद करायला हँडलवरचं बटण. चाबी लागायची ती हँडल लॉकला आणि डिकीला. म्हणजे घरातल्या सर्वांत महागड्या वस्तूची राखण फक्त त्या एका पिनेवर होती. चेतकवाल्या पिढीला हँडल लॉक केल्याशिवाय चैन का पडत नाही, हे यावरून लक्षात यावं. आजही ती माणसं लॉक केल्यावर हँडल एकदा हलवून बघतात. सवय चांगलीच आहे, फक्त जोरानं हलवू नये.

पण या पिनेनं चोरी थांबते का? याचं उत्तर युरोपनं अनुभवातून दिलं. पश्चिम जर्मनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या आणि जुन्या सगळ्याच मोटारींना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं, आणि मोटारचोरी ठळकपणे घटली. ब्रिटननं १९७१ पासून ते केलं, पण फक्त नव्या गाड्यांना. तिथे नव्या मोटारींची चोरी कमी झाली खरी, पण चोरांनी मोर्चा जुन्या गाड्यांकडे वळवला. ज्याच्या गाडीला लॉक नाही त्याच्या दारात संकट सरकलं. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९६९च्या गाड्यांपासून स्टिअरिंगच्या दांड्यावरचं लॉक आणलं, आणि पुढच्याच वर्षी तिथे नियम आला. १९९८ नंतर युरोपात नव्या मोटारींना चाबीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होण्याची सोय सक्तीची झाली. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ही चिप नाही. सुरक्षा म्हणून ती उणीव आहे, पण चाबी हरवल्यावर तीच सोय ठरते: नवी चाबी कापली की काम झालं, कुठल्या संगणकाला विचारावं लागत नाही.

चाबीच नाही, मग?

इथं बहुतेकांचा पहिला विचार लॉक तोडण्याचा असतो. माझ्या मते तो अगदी शेवटचा विचार असावा. लॉक तोडायची रीत या लेखात नाही. तोडलेलं लॉक पुढे काय करतं ते मात्र थोड्या वेळानं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे दुसरी चाबी. नव्या गाडीसोबत दोन मिळतात. दुसरी कधी देवघराच्या फळीवर, कधी मूळ मालकाकडे, तर कधी कर्ज देणाऱ्याकडच्या फाइलमध्ये राहून गेलेली असते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाला एक फोन करून बघायला काहीच हरकत नाही. आणि दुसरी चाबी सापडली तर तिच्यावरूनच नक्कल काढा. झिजलेल्या चाबीची नक्कल म्हणजे झिजेचीही नक्कल. त्या नकलेची पुन्हा नक्कल काढली की तिसऱ्या खेपेला पत्र्या ओळख द्यायचं बंद करतात.

दुसरी गोष्ट चाबीचा नंबर. अनेक कंपन्या नव्या चाब्यांच्या जुडग्यात एक छोटा बिल्ला देतात, त्यावर आकडे कोरलेले असतात. काही वेळा ते चाबीवरच असतात. त्या नंबरवरून मूळ मापाची चाबी बनवता येते, झीज वगळून. बहुतेक जण हा बिल्ला पहिल्याच आठवड्यात फेकतात. ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवावा, पण जुडग्याला लटकवून फिरू नये.

तिसरा माणूस चाबीवाला. बाजाराच्या कोपऱ्यात छत्री लावून, पुढ्यात कोऱ्या चाब्यांची लगड टांगून बसलेला. त्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. तो लॉकच्या भोकाला बसणारी कोरी चाबी निवडतो, आत घालून हलकेच हलवतो, बाहेर काढून उजेडाकडे तिरपी धरतो. जिथे पत्री अडली तिथे पितळेवर बारीक ठिपका उमटलेला असतो. आपल्याला तो दिसतही नाही. तो तिथे कानस फिरवतो, पुन्हा घालतो, पुन्हा बघतो. ठिपके एकेक करून नाहीसे होतात आणि एका क्षणी लॉक फिरतं. काहीही न मोडता. हे सगळं हाताच्या अंदाजावर चालतं, आणि जुन्या लॉकमधली झीजही तो हिशेबात धरतो.

चांगला चाबीवाला आधी आरसी मागतो. त्यात राग येण्यासारखं काही नाही. उद्या तुमची गाडी घेऊन कुणी त्याच्याकडे गेलं तर त्यानं मागावीच, असं तुम्हालाही वाटेल. मोबाइलवर डिजिलॉकरमधली आरसी दाखवली तरी चालते. चाबी हरवण्याऐवजी चोरीला गेल्याचा संशय असेल, किंवा चाबीसोबत आरसीही गेली असेल, तर आधी पोलीस ठाण्यात नोंद करावी आणि नंतर लॉकच बदलून घ्यावं. पुढे गाडी खरंच चोरीला गेली तर विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही चाब्या मागतात. एक नसेल तर ती कुठे गेली याचा कागद हाताशी असलेला बरा.

लॉक बदलायचंच असेल तर सुट्या भागांच्या दुकानात 'लॉक सेट' मागा. त्यात इग्निशन, हँडल, पेट्रोल टाकीचं झाकण आणि बाजूच्या झाकणाचं लॉक एकाच चाबीचं येतं. पैसे वाचवायला नुसतं हँडल लॉक बदललं तर जुडग्यात दोन चाब्या आणि घाईच्या वेळी हमखास चुकीची हातात.

आणि गाडी गॅरेजपर्यंत न्यायची कशी? लॉक असलेली दुचाकी ढकलत नेता येत नाही. चार माणसं लावून छोट्या हत्ती टेम्पोत चढवणं हाच सरळ मार्ग. मोटार असेल तर क्रेनवाल्याला स्टिअरिंग लॉक आहे हे आधीच सांगावं. पुढची चाकं उचलूनच न्यावी लागते, नाहीतर पूर्ण गाडी वर चढवून.

तोडलेलं लॉक काय करतं

रात्रीची वेळ, घर लांब, आणि कुणीतरी धडधाकट माणूस म्हणतो, "हटा, मी बघतो." दोन्ही हातांनी हँडलला धरून हिसका. कधी कधी लॉक खरंच तुटतं, गाडी घरी येते आणि विषय विसरला जातो. धोका तिथून पुढे सुरू होतो.

हिसक्यात तीनपैकी काहीतरी एक होतं. पिन वाकते, किंवा जस्ताचं कवच तडकतं, किंवा खाचेची कड उखडते. वाकलेली पिन पूर्ण मागे जात नाही. तिचं टोक थोडं बाहेर राहतं आणि एखाद्या वळणावर, हँडल नेमकं त्या कोनात आलं की, क्षणभर अडतं. तुटलेला तुकडा आत मोकळा पडला तर तो कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. सेलूच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात हँडल अडणं आणि स्टँडवर हँडल अडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मोटारींत हे लॉक दांड्याला ज्या बोल्टांनी आवळतात त्यांची डोकी कारखान्यातच, आवळता आवळता तुटून पडतील अशी बनवलेली असतात. मागे उरतो गुळगुळीत दांडा, ज्याला पाना लागत नाही. साध्या पान्यानं ते निघू नये हाच हेतू. त्यामुळे ते काढणं ओळखीच्या मिस्त्रीचंच काम आहे.

आधीच कुणी हिसका दिलेला असेल, किंवा तशी गाडी विकत घेतली असेल, तर एक तपासणी करा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. कुठेही खरखर, ठक्क असा आवाज किंवा किंचित अडखळण जाणवली तर ती गाडी रस्त्यावर काढू नका. पिन आणि खाच दोन्ही उघडून बघायला सांगा.

| थोडक्यात: हँडल अडलंय? |
|---|
| चाबी आहे: चाबीवर बेताचा जोर ठेवून हँडल लॉकच्याच बाजूला दाबा. |
| तरी नाही: दुसरी चाबी लावून बघा, लॉक साफ करून ग्राफाइट किंवा मऊ पेन्सिल. तेल नको. |
| चाबी नाही: दुसरी चाबी, चाबीचा नंबर, मग आरसी घेऊन चाबीवाला. |
| चाबी चोरीला गेल्याचा संशय: पोलिसांत नोंद, मग पूर्ण लॉक सेट बदला. |
| हिसका देऊन तुटलंय: पुढचं चाक उचलून तपासल्याशिवाय चालवू नका. |

मुद्देमालातल्या गाड्या

बिनचाबीच्या गाड्या वर्धा जिल्ह्यात एका ठिकाणी ढिगानं दिसतात: पोलीस ठाण्यांच्या आवारात. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून इथे १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. बंदी आहे म्हणून चोरटी वाहतूक आहे, आणि वाहतूक आहे म्हणून जप्ती. पकडलेल्या गाड्या मुद्देमाल म्हणून खटल्याचा निकाल लागेपर्यंत ऊन-पाऊस खात उभ्या राहतात. त्यांच्यात अपघातातल्या आणि बेवारस सापडलेल्या गाड्यांची भर पडते.

या गाड्यांतही दोन जाती असतात. चालक पळताना टाकून गेलेल्या गाडीची चाबी नसते, पण हँडल मोकळं असतं. ती ढकलत आणता येते. रस्त्याकडेला उभी सापडलेली बेवारस गाडी मात्र नीट लॉक करून ठेवलेली असते. ती उचलूनच आणावी लागते आणि वर्षानुवर्षं त्याच वळलेल्या मानेनं उभी राहते. पिनेभोवती गंज चढतो, पत्र्यांच्या स्प्रिंगा खलास होतात. अशा लॉकपुढे चाबीवाल्याचाही नाइलाज होतो. ते बदलावंच लागतं.

जप्त वाहनं ठाण्यात अशी सडू देऊ नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सांगितलं. मालकाला हमी घेऊन गाडी परत द्यावी, आणि मालक, विमा कंपनी किंवा दुसरं कुणीच पुढे आलं नाही तर न्यायालयाच्या आदेशानं लिलाव करावा, असा त्याचा आशय. निकालाला दोन दशकं होऊन गेली, पण ठाण्यांच्या आवारातली गर्दी काही ओसरलेली दिसत नाही.

लिलावात घेतलेली गाडी आपल्या नावावर करायला आरटीओत नमुना ३२ भरावा लागतो. वर्ध्याच्या गाड्यांचा क्रमांकही एमएच-३२ आहे; हा निव्वळ योगायोग. लिलावाआधी सूचना नीट वाचावी. गाडी भंगार म्हणून विकली जात असेल तर ती पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही, मग लॉकची चिंता करण्यातही अर्थ नाही. चालवण्यासाठी घेत असाल तर बोलीच्या रकमेत लॉक सेटचा आणि गाडी उचलून नेण्याचा खर्च आधीच धरा.

आणि चाबीवाल्याला बोलावण्याआधी चेसिस नंबर वाचून घ्या. बऱ्याच मोटारसायकलींत तो हँडलखालच्या त्याच जाड नळीवर, उजव्या अंगाला ठोकलेला असतो. हँडल डावीकडे लॉक असलं की नेमकी ती बाजू उघडी पडते. धूळ पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. ते लिलावाच्या कागदावरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवा. एकही अक्षर वेगळं निघालं तर लॉक तसंच राहू द्या आणि आधी ठाणेदारांना विचारा.